पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत अ‍ॅस्परॅगस आणि लीक

दख्खनच्या पठारावरील खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या दोन्ही अवस्थांचे मूळ तिच्यातील माँटमोरिलोनाइट या खनिजात आहे. या खनिजाचे कण अत्यंत बारीक आणि पापुद्र्यांच्या थरांनी बनलेले असतात. पाणी त्या थरांमध्ये शिरले की थर एकमेकांपासून दूर सरकतात, मातीचे आकारमान वाढते, पाणी वाहून नेणाऱ्या भेगा व मोठी छिद्रे मिटतात आणि वरून पडणारे पाणी खाली उतरण्याऐवजी मुळांच्या थरातच अडकून राहते. जमिनीत शिरलेले जादा पाणी गुरुत्वाकर्षणाने झिरपून निघून जाण्याच्या क्रियेला निचरा म्हणतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये या जमिनीत तो जवळजवळ थांबतो. पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणावर ज्वारी आणि हरभरा पिढ्यानुपिढ्या पिकत आले असल्याने या जमिनीला वाईट म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु अ‍ॅस्परॅगस आणि लीक या समशीतोष्ण प्रदेशातून आलेल्या भाज्या अशा परसबागेत लावायच्या असतील, तर लागवडीची पद्धत जमिनीच्या स्वभावाला धरून नव्याने ठरवावी लागते, कारण या पिकांविषयीची बहुतेक माहिती थंड हवामानाच्या देशांतून आलेली आहे.

पाणी साचल्याने मुळे का मरतात, हे नीट समजल्याशिवाय पुढील कोणताही उपाय योग्य जागी वापरता येत नाही. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या छिद्रांतील हवेतून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. ही छिद्रे पाण्याने भरली की पोहोचण्याचा वेग अतोनात घटतो, कारण प्राणवायू हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट मंदपणे तो पाण्यातून पसरतो. त्यातच मुळांची आणि मातीतील जिवाणूंची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढत जाते व स्थूलमानाने दर १० अंश सेल्सिअसला ती दुपटीच्या आसपास पोहोचते. इंग्लंड-वेल्सच्या हिवाळ्यात लीकचे पीक आठवडेच्या आठवडे ओलसर शेतात उभे राहते, ते माती थंड आणि मुळांची भूक मंदावलेली असते म्हणून. पुणे, सातारा किंवा अहिल्यानगरच्या पावसाळ्यात माती तितकीच ओली पण पंचवीस अंशांच्या आसपास उबदार असते आणि तेथे तेच पीक काही दिवसांत पिवळे पडू शकते. त्यामुळे लीक ओल सहन करतो हे थंड देशांतील विधान महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू होत नाही.

या दोन पिकांची जमिनीकडून असलेली अपेक्षाही सारखी नाही. अ‍ॅस्परॅगस हे बहुवर्षायू पीक असून औषधी शतावरी त्याच वंशातील भारतीय वनस्पती आहे. जमिनीखाली त्याचा गड्डा, म्हणजे डोळे असलेले आडवे खोड, आणि त्याला फुटलेली दोरीसारखी जाड, मांसल मुळे असतात. या मुळांत साठवलेल्या अन्नावर नवे कोंब वर येतात आणि ते कोवळे असताना कापून भाजीसाठी घेतले जातात. एकदा लावलेला वाफा चांगल्या जमिनीत दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. मोकळ्या मातीत ही मुळे दीड-दोन मीटर खोल जातात, पण सलग काही आठवडे पाण्यात राहिली तर साठवणुकीची मुळेच कुजतात आणि तेथे फ्युजॅरियम व फायटॉप्थोरा या रोगकारकांना आयती वाट मिळते. लीक हे कांद्याच्या वर्गातील, गड्डी न धरणारे पीक आहे; त्याचा खाण्याचा पांढरा दांडा म्हणजे एकात एक गुंडाळलेल्या पानांची आवरणे होत. त्याची मुळे उथळ, बहुतांश वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये असतात आणि पीक रोपलागवडीनंतर साधारण चार-पाच महिन्यांत निघते. लीकची वेळ निवडता येते आणि पावसाळा टाळता येतो. अ‍ॅस्परॅगसला मात्र आयुष्यातला प्रत्येक पावसाळा त्याच जागी काढावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी जमिनीची रचनाच कायमची बदलावी लागते.

दोन्ही पिकांच्या पारंपरिक पाश्चात्त्य पद्धतीत खोदकामाला मोठे स्थान आहे. अ‍ॅस्परॅगससाठी १५ ते २० सेंटिमीटर खोल चर काढून त्यात गड्डे ठेवायचे आणि लीकसाठी टोकदार काठीने १५ सेंटिमीटर खोल भोके पाडून त्यात रोपे सोडायची, असे सांगितले जाते. वाळूमिश्रित मातीत हे योग्यच आहे. काळ्या चिकण मातीत मात्र असा चर आजूबाजूचे पाणी गोळा करणारा हौद होतो, कारण चरातील माती भुसभुशीत आणि तळ व भिंती अभेद्य असतात. या लेखातील सर्व सूचनांचा गाभा एवढाच आहे की अशा जमिनीत झाड खाली नेऊ नये, माती वर आणावी.

जागेची परीक्षा करताना काळाची निवड महत्त्वाची असते. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी पूर्ण मुरू द्यावे, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पातळी ताशी किती उतरते ते मोजावे. ताशी अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उतार असेल तर निचरा समाधानकारक समजावा, एक सेंटिमीटरहून कमी असेल तर वाईट. ही परीक्षा मे महिन्यात केली तर काळी जमीन हमखास फसवते: भेगांतून पाणी भराभर नाहीसे होते आणि निचरा उत्तम असल्याचा समज होतो. माती पुरेशी फुगल्यानंतर, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप पाहून केलेली मोजणीच ग्राह्य धरावी. त्याच वेळी खड्ड्याच्या भिंतीचा रंगही पाहावा. राखाडी-निळसर पट्टे, तांबूस ठिपके आणि कुजका वास ही दीर्घकाळ हवा न मिळाल्याची चिन्हे आहेत. खड्डा आणखी खोल नेल्यावर ६० सेंटिमीटरच्या आतच भूजल लागत असेल आणि ते कित्येक आठवडे हटत नसेल, तर त्या जागी अ‍ॅस्परॅगसचा आग्रह सोडून अळू लावणे शहाणपणाचे ठरते.

जमीन सुधारण्याच्या नावाखाली तीन गोष्टी वारंवार केल्या जातात आणि त्या तिन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट वाळू मिसळण्याची. चिकण मातीत थोडी वाळू घातल्याने निचरा सुधारत नाही, कारण वाळूच्या कणांमधील पोकळ्या चिकण मातीनेच भरून निघतात आणि मिश्रण आधीपेक्षा घट्ट होऊ शकते. खरा फरक पडण्यासाठी मातीच्या निम्म्याहून अधिक वाळू लागेल, आणि ते परसबागेतही परवडणारे नाही. दुसरी गोष्ट जिप्समची. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचा गंधकयुक्त क्षार. तो उपयोगी पडतो तो चोपण जमिनीत, म्हणजे जिच्या चिकण कणांवर सोडियमचे प्रमाण जास्त असून सामू बहुधा ८.५ च्या वर गेला आहे अशा जमिनीत. तेथे कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मातीचे कण एकत्र येऊन रवाळ होतात आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली धुऊन जातो. अर्थात पाण्याला बाहेर पडण्याची वाट असेल तरच. पठारावरील पुष्कळशा काळ्या जमिनी मुळातच चुनखडीयुक्त असतात, आणि सोडियमची अडचण नसलेल्या अशा जमिनीत जिप्समने निचरा वाढत नाही. म्हणून कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू, क्षारता आणि विनिमयक्षम सोडियम तपासून घेतल्याशिवाय जिप्समवर खर्च करू नये. तिसरी गोष्ट वाफ्याच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे पसरण्याची. बारीक छिद्रांच्या मातीतील पाणी, ती माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत, खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. परिणामी खडीच्या थरावर पाण्याचा एक टांगलेला थर तयार होतो आणि मुळांच्या वाट्याची कोरडी माती उलट कमीच होते. खडीची योग्य जागा बाजूच्या चरात, पाणी वाहून नेणाऱ्या नळीभोवती आहे.

अ‍ॅस्परॅगससाठी गादीवाफा किमान ४५ सेंटिमीटर उंच आणि माथ्यावर १२० सेंटिमीटर रुंद असावा. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा रब्बी हंगाम संपताच, जमीन वाफशावर असताना हे काम करावे. मोठ्या छिद्रांतील जादा पाणी निघून जाऊन तेथे हवा शिरलेली आणि बारीक छिद्रांत ओल टिकलेली असते, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून केलेला गोळा अंगठ्याने टोचताच फुटला तर वाफसा आहे, मेणासारखा दबला तर नाही, असे ओळखावे. ओल्या चिकण मातीत कुदळ चालवली की तिचे पृष्ठभाग गुळगुळीत लिंपले जातात आणि ती इजा पुढे हंगामभर भरून येत नाही. प्रथम जुना पृष्ठभाग पलटी न करता दाताळ कुदळीने २० ते २५ सेंटिमीटर खोल सैल करावा, म्हणजे जुनी आणि नवी माती यांच्यात सपाट सांधा राहणार नाही. त्यावर बाजूच्या चरांतून निघालेली माती दोन भाग, पोयट्याची माती एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग असे मिश्रण चढवावे. तीन मीटर लांबीच्या वाफ्याला असे दीड घनमीटरहून अधिक मिश्रण लागते, हे आधीच लक्षात घ्यावे. तलावातून काढलेला गाळ हलक्या मुरमाड रानाला वरदान असला, तरी तो बहुधा बारीक चिकण मातीचाच असल्याने येथे टाळावा. पहिल्या पावसाळ्यात वाफा खचतो. म्हणून एक हंगाम त्यावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी तो मातीत गाडावा आणि पाऊस संपल्यावर वाफा पुन्हा उंचीवर आणावा.

वाफ्याइतकेच महत्त्व त्याभोवतीच्या चरांना आहे. चर वाफ्याच्या दोन्ही अंगांनी ३० ते ४५ सेंटिमीटर खोल असावेत, त्यांना दर १० मीटरला ५ ते १० सेंटिमीटर इतका सलग उतार असावा आणि शेवटी पाणी बाहेर पडण्याची खरी जागा असावी. बाहेर पडायला वाट नसलेला चर पाणी साठवतो आणि ते कडेने वाफ्यात मुरवतो. शहरी बंगल्यांच्या आवारात ही वाट पुष्कळदा कुंपणाच्या भिंतीने बंद झालेली असते, शिवाय छताच्या पन्हाळीचे पाणी नेमके बागेत सोडलेले असते. अशा ठिकाणी आधी पन्हाळ वळवावी, मग वाफ्याचा विचार करावा. शेजाऱ्याच्या आवारात पाणी लोटून देणे हा उपाय नव्हे. वाट काढणे अशक्यच असेल तर २०० लिटरचा पिंप आडवा कापून, तळाला भरपूर भोके पाडून आणि विटांवर उचलून त्यात एकेक झाड वाढवता येते.

अ‍ॅस्परॅगसचे तयार गड्डे महाराष्ट्रात सहज मिळत नाहीत, म्हणून बियांपासून रोपे करणे व्यवहार्य ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेला यूसी १५७ हा संकर उष्ण हवामानाच्या पुष्कळ देशांत वापरला जातो. बी दिवसभर कोमट पाण्यात भिजवून जुलैमध्ये आडोशाखाली, कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या खोल ट्रेमध्ये पेरावे. उगवण संथ असते आणि दोन ते चार आठवडे धीर धरावा लागतो. परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, रोपे वाफ्यावर लावावीत, म्हणजे पुढचा पावसाळा येईपर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. जूनमध्ये लावलेले कोवळे रोप याच जमिनीत ऑगस्टपर्यंत टिकणे कठीण असते. वाफ्याच्या मध्यावर एकच ओळ घ्यावी, दोन झाडांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि रोपे १० सेंटिमीटरच्या उथळ सरीत लावून कोंब वाढतील तसतशी सरी भरत जावी. जागा वाया जाते असे वाटले तरी दुसरी ओळ घेण्याचा मोह आवरावा, कारण दमट हवेत पालवीतून वारा खेळणे फार मोलाचे असते.

पहिल्या वर्षी एकही कोंब कापू नये आणि दुसऱ्या वर्षी थोडेच घ्यावेत. मुळांत साठा झाल्याशिवाय केलेली कापणी गड्ड्याला दुबळे करते आणि दुबळा गड्डा ओलीत आधी कुजतो. थंड देशांत हिवाळ्यातील गोठणामुळे झाड विश्रांती घेते. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर ही विश्रांती पाणी तोडून दिली जाते, तर तैवान आणि थायलंडमध्ये मातृदांड्यांची पद्धत रूढ आहे: प्रत्येक झाडावर चार-पाच दांडे पूर्ण वाढू देऊन त्यांच्या पालवीने बनवलेल्या अन्नावर निघणारे पुढचे कोंब कापले जातात आणि दांडे जुने झाले की नवे राखले जातात. दख्खनसाठी या दोन्हींची सांगड घालणे सोयीचे ठरते. डिसेंबरमध्ये तीन-चार आठवडे पाणी तोडावे, वाळलेले दांडे जानेवारीत जमिनीलगत कापून बागेबाहेर न्यावेत, पाणी सुरू करून मार्चपर्यंत कोंब घ्यावेत आणि एप्रिलपासून मातृदांडे वाढू द्यावेत. त्यामुळे जूनमध्ये पाऊस सुरू होतो तेव्हा पालवी पूर्ण आणि निबर असते, तिच्या बाष्पोत्सर्जनाने वाफ्यातील पाणी उपसले जाते आणि पावसात ताज्या कापांतून रोग शिरण्याचा धोकाही टळतो. दांड्यांवर येणारा फोमॉप्सिस करपा पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो, म्हणून पूर्व आशियात वाफ्यांवर बाजूंनी उघडे असलेले प्लास्टिकचे छप्पर घातले जाते. बांबूच्या कामट्यांवर तसे छप्पर परसबागेत सहज उभारता येते आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत ते नक्की उभारावे.

लीकसाठी इतका खटाटोप लागत नाही, कारण त्याच्या भाऊबंदाचा, म्हणजे कांद्याचा, अनुभव महाराष्ट्राजवळ भरपूर आहे. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय कांद्यासाठी १२० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफे व त्यांच्यामध्ये ४५ सेंटिमीटरची सरी अशी रचना सुचवते. लीकला ती जशीच्या तशी चालते, मात्र फार भारी जमिनीत उंची २० सेंटिमीटर करावी. ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये उंच रोपवाटिकेत बी पेरावे, पाणी साचून रोपांची मर होऊ नये म्हणून पेरणी विरळ ठेवावी आणि आठ-दहा आठवड्यांनी, रोप पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर, १५ सेंटिमीटर अंतराने ३० सेंटिमीटरच्या ओळींत लावावे. येथे खोल भोकांची पद्धत सोडून द्यावी. चिकण मातीत काठीने पाडलेल्या भोकाची भिंत लिंपली जाते, त्यात पाणी साचून रोपाचा बुडखा सडतो आणि माती वाळल्यावर भोक ताठ होऊन मुळे लोंबकळत राहतात. रोप ५ ते ८ सेंटिमीटर खोलच लावावे आणि दांडा पांढरा होण्यासाठी लागणारा अंधार वरून द्यावा: महिन्याभराने बुडख्याभोवती पुठ्ठ्याची नळी बसवून किंवा कोरडे कंपोस्ट व पालापाचोळा यांची भर दोन-तीन हप्त्यांत लावून. काळी माती ओली असताना भर लावली तर ती पानांच्या बेचक्यांत शिरून दांडा आतून कुजवते, आणि पुढे भेगाळताना उथळ मुळे तोडते. फेब्रुवारी ते मार्च हा काढणीचा काळ धरावा. उन्हाचा कडाका सुरू झाल्यावर दांडे राठ होऊ लागतात.

पाऊस संपला म्हणजे ओलीचा प्रश्न संपला असे समजून हिवाळ्यात पाटाने भरपूर पाणी देण्याची सवय या जमिनीला तितकीच मारक आहे. ठिबकने थोडे पाणी द्यावे आणि पुढची पाळी देण्यापूर्वी १० सेंटिमीटर खोलीवरची माती बोटाने तपासावी. पावसाळ्यात पाने पिवळी पडली की युरिया टाकण्याची घाई होते; परंतु हवाबंद मातीत जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरून नत्राचे वायूत रूपांतर करतात, त्यामुळे टाकलेले खत हवेत जाते आणि पिवळेपणा तसाच राहतो. आधी चर मोकळे करावेत, वाफसा येऊ द्यावा आणि मग खताचा विचार करावा. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत यांचे आच्छादन उन्हाळ्यात भेगा रोखते आणि पावसाच्या माऱ्याने पृष्ठभाग बसण्यापासून वाचवते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये ते बुडख्यापासून वीतभर दूर ओढून ठेवावे. दर वर्षी पावसाळ्यानंतर खचलेल्या वाफ्यावर पाच सेंटिमीटर कंपोस्ट चढवणे आणि उन्हाळ्यात चर उपसणे, ही दोन कामे चुकली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाफा पुन्हा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला येतो.

अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यात एखादे झाड ऐन वाढीच्या काळात पिवळे पडून कोंब बारीक देऊ लागले, तर ते उकरून पाहावे. मुळे पोकळ, तपकिरी आणि सालीसारखी झाली असतील तर गड्डा आजूबाजूच्या मातीसह काढून टाकावा. त्याच खड्ड्यात नवे अ‍ॅस्परॅगस लावू नये, कारण मातीत राहिलेली बुरशी आणि जुन्या मुळांतून उतरलेली वाढरोधक द्रव्ये नव्या रोपाला उभे राहू देत नाहीत. वाफा केवळ वयाने संपला असेल, तर एक हंगाम ताग घेऊन त्यावर लीक लावता येतो आणि त्या खोल, हवेशीर मातीत त्याचा दांडा चांगला पोसतो. गड्डे कुजून वाफा गेला असेल तर मात्र लीक, कांदा आणि लसूण तिन्ही टाळावेत, कारण फ्युजॅरियमच्या काही जाती या पिकांनाही लागतात. तेथे काही वर्षे पालेभाज्या घेणे अधिक सुरक्षित असते.